इंजिनाचं काम झालं आणि दिवा पेटला: व्हॉल्व्ह टायमिंगचा दोष शोधायचा कसा?

हेड गॅस्केट बदललं, टायमिंग चेन नवी टाकली, किंवा नुसती टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची, गळती बंद करून घेतली. गाडी घरी आली. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला. उभ्या गाडीत इंजिन थरथरतं, चढावर गाडी ओढत नाही, अ‍ॅव्हरेज घसरलेलं. स्कॅनर लावला तर पडद्यावर एक ओळ येते: ‘कॅमशाफ्ट पोझिशन, टायमिंग ओव्हर-अ‍ॅडव्हान्स्ड, बँक १’. मालकाला त्यातलं काही कळत नाही. मेकॅनिक म्हणतो, सेन्सर गेला असेल. सेन्सर बदलला, दिवा परत आला. मग सोलेनॉइड बदलला, दिवा परत आला. पुढच्या खेपेला कोणीतरी म्हणतं, कॉम्प्युटरच खराब आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

या दोषात माणसं इतकी का चकतात, याचं कारण साधं आहे. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग ही यंत्रणा तेल, वीज आणि लोखंडी दात या तिन्हींवर एकाच वेळी चालते. तिन्हीपैकी कुठेही खोट आली, तरी पडद्यावर बऱ्याचदा तीच ओळ उमटते. म्हणून पडद्यावरचा कोड वाचून भाग विकत घेण्याआधी ही यंत्रणा काय करते, हे एकदा शांतपणे समजून घ्यावं. अवघड नाही ते.

## इंजिन श्वास कसा घेतं

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्रकारची दारं असतात. एका दारातून हवा आत येते, दुसऱ्यातून जळका धूर बाहेर जातो. ही दारं म्हणजे व्हॉल्व्ह. ती उघडण्याचं काम कॅमशाफ्ट करतो. त्या दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला दाबतो आणि दार उघडतं. खाली पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट फिरत असतो. दोघांना बांधून ठेवते ती टायमिंग चेन किंवा बेल्ट. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. हे गणित कधीच बदलत नाही.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. पिस्टन वरून खाली यायला जेमतेम एक शतांश सेकंद लागतो. एवढ्या अवधीत हवा आत भरायची असते.

हवेलाही वजन असतं. ती एकदा धावू लागली की चटकन थांबत नाही. सभागृहाच्या दारातून गर्दी आत घुसत असताना पुढची रांग थांबली, तरी मागचे लोक रेटा देतच राहतात. जोरात चाललेल्या इंजिनात हेच होतं. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला, तरी हवा अजून आत येत असते. तेव्हा दार जरा उशिरा मिटलेलं बरं. उलट इंजिन संथ चाललं असेल तर हवेला रेटाच नसतो. तेव्हा दार उशिरा मिटलं, तर वर येणारा पिस्टन आत आलेली हवा परत बाहेर ढकलतो. धुराचं दार मिटण्याआधीच हवेचं दार उघडलं, तर काही क्षण दोन्ही उघडी राहतात. वेगात याचा फायदा होतो, पण उभ्या गाडीत इंजिन धडधडतं.

जुन्या इंजिनात दारांची वेळ कायमची ठरलेली असायची. संथ चालीला जे सोसतं ते वेगाला नाही, वेगाला जे हवं ते संथ चालीला नाही; म्हणून मधला मार्ग काढलेला असे. ही वेळ चालत्या इंजिनात बदलता आली तर? रस्त्यावरच्या गाडीत हे प्रथम आणलं अल्फा रोमिओने, १९८० साली. होंडाची व्हीटेक १९८९ मध्ये आली, बीएमडब्ल्यूची व्हॅनोस १९९२ मध्ये. व्हीटेकची मूळ कल्पना वेगळी होती. तिथे कॅमचा उंचवटाच बदलला जायचा. आज बहुतेक गाड्यांत जी रीत दिसते, तिच्यात कॅमशाफ्टच आपल्या चाकाच्या तुलनेत थोडा पुढे किंवा मागे फिरवला जातो. या लेखातलं सगळं त्या रीतीबद्दल आहे.

## तेलाच्या जोरावर फिरणारा कॅम

चेन ज्या दातेरी चाकाला फिरवते, ते चाक या यंत्रणेत कॅमला घट्ट जखडलेलं नसतं. चाकाच्या पोटात पोकळ कप्पे असतात आणि त्या कप्प्यांत कॅमला जोडलेली पाती. पात्याच्या एका बाजूला दाबाने तेल भरलं की पातं, आणि त्याच्यासोबत कॅम, चाकाच्या पुढे सरकतो. दुसऱ्या बाजूला भरलं की मागे येतो. या अख्ख्या चाकाला फेझर म्हणतात. तो दाबणारं तेल म्हणजे वेगळं काही नसतं; इंजिनात फिरणारं तेच इंजिन ऑईल.

फेझर किती फिरू शकतो? अनेक इंजिनांत क्रँकच्या हिशेबाने ४० ते ६० अंश. इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो. तेव्हा पाती सैल हलू नयेत म्हणून एक खिटी आपोआप अडकते आणि फेझर ठरलेल्या जागी कुलूपबंद होतो. तेलाचा दाब चढला की खिटी सुटते. ही खिटी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

तेल कुठल्या बाजूला सोडायचं, हे ठरवणारा नळ म्हणजे ऑईल कंट्रोल व्हॉल्व्ह. गॅरेजमध्ये त्याला सरसकट सोलेनॉइड म्हणतात. आत विजेची गुंडाळी आणि पुढे-मागे सरकणारा एक बारीक दट्ट्या. इंजिनाचा कॉम्प्युटर त्याला सेकंदात कितीतरी वेळा चालू-बंद करतो आणि चालू-बंदच्या प्रमाणावरून दट्ट्या कुठे थांबणार ते ठरतं. नळाच्या वाटेवर बऱ्याचदा एक चिमुकली जाळी असते, कचरा अडवायला.

आता पाहणारे डोळे. क्रँकवर एक सेन्सर, कॅमवर एक सेन्सर. क्रँकच्या चकतीवर दात असतात. उदाहरणार्थ, ६० दातांची जागा असलेल्या चकतीवर दर ६ अंशांना एक दात येतो आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे कॉम्प्युटरला ‘इथून मोज’ ही खूण मिळते. दोन्ही सेन्सरच्या ठोक्यांमधलं अंतर मोजून कॉम्प्युटर ठरवतो की कॅम नेमका किती अंशांवर आहे. हवा तेवढा नसेल तर नळ थोडा फिरवतो, पुन्हा बघतो, पुन्हा फिरवतो. आंघोळीच्या नळाचं गरम-गार पाणी हाताने चाचपत जुळवावं, तसं.

काही नव्या गाड्यांत फेझर तेलाऐवजी विजेच्या मोटरने फिरतो. तिथे पुढची तेलाची चर्चा तशीच्या तशी लागू होणार नाही. चेन बसवताना जुळवायच्या खुणांची आणि वायरिंगची होईल.

## कोड नेमकं काय सांगतो

कोड बिघडलेल्या भागाचं नाव सांगत नाही. कॉम्प्युटरची तक्रार काय आहे, ते सांगतो. व्हॉल्व्ह टायमिंगच्या तक्रारी तीन जातीच्या असतात. आपली कुठल्या जातीची, एवढं कळलं तरी निम्मी वाट सरते.

पहिली जात विजेची. पी००१० म्हणजे हवेच्या कॅमच्या (हवेची दारं उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या) सोलेनॉइडचं सर्किट, पी००१३ म्हणजे धुराच्या कॅमच्या. इथे कॉम्प्युटर म्हणतो, ‘माझा निरोपच पोचत नाही.’ वायर तुटली, कपलर (वायर जोडायचा प्लग) नीट बसला नाही, गुंडाळी जळली. तेलाचा इथे संबंध नाही.

दुसरी जात कामाची. पी००११ आणि पी००१२ हवेच्या कॅमसाठी, पी००१४ आणि पी००१५ धुराच्या कॅमसाठी. जोडीतला पहिला कोड ‘फार पुढे’, दुसरा ‘फार मागे’. इथे तक्रार अशी असते, ‘निरोप पोचला, पण कॅम मी सांगितलं तिथे गेला नाही.’ तेल, जाळी, नळ, फेझर, यातलं काहीही असू शकतं. दुरुस्तीनंतर सर्वांत जास्त गोंधळ याच कोडांचा.

तिसरी जात मेळाची. पी००१६ आणि पी००१७ पहिल्या बँकेसाठी, पी००१८ आणि पी००१९ दुसऱ्या बँकेसाठी. ‘क्रँकचं घड्याळ आणि कॅमचं घड्याळ जुळत नाही,’ असं कॉम्प्युटर म्हणतो आहे. चेनचा दात चुकला, चेन ताणली गेली, सेन्सरची चकती हलली, फेझर चुकीच्या जागी अडकला, अशी कारणं इथे येतात.

बँक १ म्हणजे पहिला सिलिंडर ज्या बाजूला असतो ती बाजू. इंजिनात सिलिंडरची एकच सरळ रांग असेल, तर एकच बँक. आणखी एक: कोड पुसण्याआधी कॉम्प्युटरने त्या क्षणाची नोंद ठेवलेली असते, ती वाचून घ्या. इंजिन किती गरम होतं, किती फेऱ्यांवर होतं, गाडीचा वेग काय होता, हे सगळं त्यात असतं. कोड पुसला की तीही जाते. घाईने कोड पुसणारा माणूस हातातला पुरावा टाकून देतो, आणि पुढे त्याच पुराव्यासाठी तासन् तास गाडी फिरवत बसतो.

## दुरुस्तीनंतरच हे का होतं?

काम करण्याआधी दिवा नव्हता आणि कामानंतर आला, तर पहिला संशय नुकताच हात लागलेल्या जागेवर घ्यायचा. म्हणून तपासाची सुरुवात स्कॅनरने करू नका, एका प्रश्नाने करा: काय काय खोललं होतं?

फक्त टॅपेट कव्हर काढलं असेल, तर चेनला कोणी शिवलेलं नाही. मग दात चुकल्याचा संशय लांबचा. पण कव्हर काढताना सेन्सरचे आणि सोलेनॉइडचे कपलर काढावे लागतात. ज्या इंजिनात हवेच्या आणि धुराच्या दोन्ही कॅमला फेझर असतो, तिथे बऱ्याचदा दोन्ही सोलेनॉइड शेजारीशेजारी असतात आणि कपलर हुबेहूब सारखे. वायर दोन्हीकडे पोचत असेल तर अदलाबदल व्हायला एक क्षण पुरतो. मग कॉम्प्युटर हवेच्या कॅमला हलायला सांगतो आणि हलतो धुराचा. कव्हरच्या कामानंतर दोन्ही कॅमचे कोड जोडीने आले, तर सर्वांत आधी हे बघा. फुकटात होणारी तपासणी आहे ही. सोलेनॉइडच्या बुडाची रबरी रिंग बसवताना कापली जाणं, वायर कव्हरखाली चेपली जाणं, इंजिनाची अर्थिंगची पट्टी परत न लावणं, हेही याच कामातले नेहमीचे प्रकार.

सिलिकॉनचा लेप सढळ हाताने लावायची सवय फार वाईट. बाहेर ओघळलेला लेप दिसतो. तेवढाच आतही ओघळलेला असतो. त्याचे तुकडे सुटून तेलात पडतात, पंपाच्या तोंडच्या जाळीवर साचतात. कॅमच्या टोप्यांजवळ किंवा पुढच्या कव्हरच्या तेलवाटेपाशी लेप लागला असेल तर आणखी वाईट, कारण तो ऑईल फिल्टरच्या पुढचा भाग आहे. तिथला कण फिल्टरला न भेटता थेट सोलेनॉइडच्या जाळीत जातो. हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, घासताना वापरलेल्या खरखरीत पॅडचा चुरा तेलवाटांत राहिला तर तेच, आणि तो चुरा बेअरिंगही खातो. हेड गॅस्केट थोड्या वेगळ्या इंजिनाचं निघालं, किंवा उलटं बसलं, तर तेल वर जाणारं भोकच झाकलं जातं. वरच्या बाजूला तेल पोचत नाही आणि फेझर जागचा हलत नाही.

चेन बदलली असेल, तर मग दातांचा हिशेब करायला हवा. समजा, कॅमच्या चाकाला ३६ दात आहेत. एक दात चुकला म्हणजे कॅम १० अंश चुकला, आणि क्रँकच्या हिशेबाने २० अंश. इंजिन सुरू होईल, चालेलही, पण त्यात जीव नसेल. आणि कॉम्प्युटरला २० अंशांची चूक दिसल्याशिवाय राहत नाही.

दात न चुकताही कॅम चुकू शकतो, आणि ही चूक चांगल्या हातांकडूनही होते. कुलपाची खिटी आठवते ना? चेन बसवताना फेझर त्याच्या कुलपाच्या जागी असायला हवा. बोल्ट आवळताना तो फिरला आणि खिटी सुटली, तर चाकावरची खूण बरोबर जुळलेली दिसते, पण आतला कॅम भलतीकडेच असतो. म्हणून बोल्ट आवळताना कॅमला त्याच्या अंगच्या षट्कोनी भागावर पाना लावून धरायचं असतं. चेनच्या किंवा फेझरच्या भरवशावर नाही. काही इंजिनांत तर क्रँकच्या चाकाला चावीची (चाक अडकवून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरीची) खाच नसते. ते चाक फक्त बोल्टच्या आवळणीने जागेवर राहतं. अशा इंजिनात कॅम आणि क्रँक दोन्ही ठरलेल्या हत्यारांनी जखडूनच काम करावं लागतं आणि बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मापातच आवळावा लागतो. अंदाजाने आवळलेला बोल्ट काही दिवसांनी चाक घसरू देतो. पहिले दोन दिवस बरे जाऊन तिसऱ्या दिवशी दिवा पेटण्यामागे हेही कारण असू शकतं.

इथे एक विनाकारण भीती दूर करतो. चेनमध्ये काही कड्या रंगीत असतात. बसवताना त्या चाकाच्या खुणांशी जुळवतात. नंतर इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं की रंगीत कड्या खुणांशी जुळत नाहीत, आणि नवशिका घाबरून सगळं पुन्हा खोलतो. चेनमधल्या कड्यांची संख्या अशी असते की त्या पुन्हा जुळायला बरेच फेरे लागतात. दोन फेऱ्यांनंतर बघायच्या त्या चाकांवरच्या खुणा. त्या जुळल्या की झालं.

## शोध कुठल्या क्रमाने घ्यायचा

आधी ऑईल. काठी बाहेर काढा आणि पातळी बघा. कमी असेल तर पंप हवा ओढतो, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त झालेलं ऑईलही तितकंच वाईट, हे फार थोड्यांना माहीत असतं. फिरता क्रँक तेलात बुडाला की ते घुसळून निघतं, त्याला फेस येतो. फेसात हवा असते आणि हवा दबते. मग फेझरला पक्का रेटा मिळत नाही, तो स्पंजावर उभा राहिल्यासारखा डुगडुगतो. काम झाल्यावर ऑईल कुठल्या दर्जाचं भरलं, हेही विचारा. ‘५डब्ल्यू-३०’ मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनातला प्रवाहीपणा सांगतो, नंतरचा आकडा गरम इंजिनातला दाटपणा. फेझर अमुक वेळात इतके अंश हलायला हवा, हे कॉम्प्युटरला ठाऊक असतं आणि तो अंदाज मॅन्युअलमधल्या ऑईलवर बांधलेला असतो.

मग कपलर, वायर, सोलेनॉइड. सोलेनॉइडच्या गुंडाळीचा रोध मल्टीमीटरने मोजा. अनेक गाड्यांत तो साधारण ७ ते १२ ओहमच्या दरम्यान येतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. सोलेनॉइड बाहेर काढून क्षणभर १२ व्होल्ट दिले की टक असा आवाज येऊन दट्ट्या सरकायला हवा. क्षणभरच; जास्त वेळ दिले तर गुंडाळी तापून जळते. जाळी बघा. तिच्यावर काय अडकलंय तेही बघा. रबराचे तुकडे आणि धातूची चमकी यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. धातूची चमकी दिसली तर गोष्ट सोलेनॉइडच्या पलीकडे गेली.

इथवर बहुतेक काम हाताने आणि डोळ्यांनी होतं. आता स्कॅनर लावायचा, कोड वाचायला नव्हे, चालू इंजिनाचे आकडे बघायला. दोन आकडे शेजारीशेजारी ठेवा: कॉम्प्युटरला हवा असलेला कोन आणि कॅमचा खरा कोन. इंजिन गरम होऊ द्या, कारण थंड इंजिनात पुष्कळ गाड्या फेझर हलवतच नाहीत.

समजा, उभ्या गाडीत हवा असलेला कोन ० आहे आणि खरा कोन ठामपणे १८ दाखवतोय, काही केल्या हलत नाही. मग फेझर पुढे अडकला आहे किंवा चेन चुकीची बसली आहे. समजा, मागणी २० ची आहे आणि खरा कोन ० वर रुतलाय. मग तेल पोचत नाही, नळ हलत नाही, किंवा खिटी सुटत नाही. खरा कोन मागणीच्या मागून रखडत जातोय, तर जाळीत कचरा किंवा चुकीचं ऑईल. थंडपणी सगळं छान आणि गरम झाल्यावर उभ्या गाडीत गडबड, तर तेलाचा दाब मोजायची वेळ आली. गरम तेल पातळ होतं आणि घासलेल्या जागांतून निसटतं. दाब डॅशबोर्डवरच्या दिव्यावरून ठरवू नका, तो दिवा अगदी हाताबाहेर गेल्यावर पेटतो. गेज लावूनच मोजा.

एक सावधगिरी. बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर फेझरची विश्रांतीची जागा स्वतः शिकून घेतो आणि पुढचे आकडे तिथून मोजतो. म्हणजे चेन चुकलेली असली, तरी पडद्यावर निष्पाप ० दिसू शकतो. आकडे साफ आणि तरी मेळाचा कोड येतोय, असं झालं तर आकड्यांवर विसंबू नका, खुणांकडे जा.

पुढची कसोटी मला फार आवडते, कारण ती खोटं बोलत नाही. चांगल्या स्कॅनरने सोलेनॉइडला थेट हुकूम देता येतो. इंजिन गरम, गाडी उभी, आणि हवेच्या कॅमला पूर्ण पुढे जायला सांगायचं. दोन्ही दारं एकदम उघडी राहू लागतात, म्हणून इंजिन थरथरलं पाहिजे, कदाचित बंदही पडलं पाहिजे. हुकूम काढला की सुरळीत. हे झालं तर तेल, नळ आणि फेझर तिघेही हलताहेत, दोष दुसरीकडे. हुकूम देऊनही इंजिनावर काही परिणाम नाही, तर वाटेत कुठेतरी काहीतरी अडलंय. दोन्ही सोलेनॉइड एकाच नंबरचे असतील तर अदलाबदल करून बघा. कोडही त्यांच्यासोबत दुसऱ्या कॅमवर गेला तर सोलेनॉइड दोषी. जागेवरच राहिला तर सोलेनॉइड निर्दोष.

एकाच कॅमचा कोड आहे की सगळ्यांचा, याकडे नीट लक्ष द्या. एकाच कॅमचा असेल तर त्या कॅमचा फेझर, नळ, सेन्सर. सगळे कॅम एकाच दिशेला, एकाच मापाने चुकलेले दिसत असतील, तर सगळेच साक्षीदार एकदम खोटे पडणं कठीण. तेव्हा क्रँकचं चाक, क्रँकच्या सेन्सरची चकती, नाहीतर सगळ्यांना मिळून पोचणारं तेल तपासायचं.

एवढं करूनही बोट खुणांकडेच जात असेल, तर कव्हर उघडण्याआधी आणखी दोन तपासण्या आहेत. ऑसिलोस्कोप असेल तर क्रँक आणि कॅमच्या सेन्सरचे ठोके एकाखाली एक पडद्यावर घ्या आणि त्याच इंजिनाच्या चांगल्या नमुन्याशी ताडून बघा. एक दात चुकलेला नजरेने दिसतो. नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजा. सगळ्याच सिलिंडरमध्ये ते सारखंच कमी आणि गळतीच्या चाचणीत मात्र काही गळत नाही, तर हवेची दारं उशिरा मिटताहेत.

## ‘सेन्सर स्वस्त आहे, बदलून बघायला काय जातं?’

सेन्सर खरंच खराब असतो, पण तेव्हा बहुधा वेगळा कोड येतो: पी०३४० कॅमच्या सेन्सरच्या सर्किटचा, पी०३३५ क्रँकच्या. पी००११ आल्यावर सेन्सर बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. सेन्सरने फक्त दिसलं ते सांगितलं. शिवाय एकेक भाग बदलत गेलं की नवा दोष कुठला आणि जुना कुठला हेच कळेनासं होतं. नवा भाग नेहमी चांगलाच असतो, असंही नाही.

## ‘जाड ऑईल घातलं, इंजिन जास्त टिकेल ना?’

घासलेल्या इंजिनात जाड ऑईलने आवाज थोडा कमी होतो, म्हणून हा समज रुजला. फेझरच्या वाटा बारीक असतात. जाड ऑईल तिथून उशिरा सरकतं, कॅम हुकमाला उशिरा जागतो आणि कॉम्प्युटर कोड टाकतो. मग तो कोड सोलेनॉइडच्या माथी मारला जातो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं भरा.

## ‘दोष आधीपासूनचाच असेल तर?’

असू शकतो, आणि काम करणाऱ्यावर आळ घेण्याआधी हा विचार करायलाच हवा. थंड इंजिन सुरू करताना एक-दोन सेकंद खडखड आवाज कामाआधीही येत होता का? मग फेझरची खिटी आधीच झिजलेली असेल. ऑईल वेळेवर न बदललेल्या इंजिनात वर्षानुवर्षांचा गाळ साचतो आणि खोलाखोलीत तो सुटून जाळीत जाऊन बसतो. चूक कोणाची, तर दोघांची थोडी थोडी. मात्र नुकतंच जोडलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना काही क्षण खडखडलं, तर घाबरू नका. तेलवाटा रिकाम्या असतात, त्या भरेपर्यंतचा तो आवाज. तो पुन्हा पुन्हा येऊ लागला तर मात्र दखल घ्या.

## ‘गाडी चालतेय, तर चालवू का?’

नुसता सर्किटचा कोड असेल, तर फेझर विश्रांतीच्या जागी बसून राहतो. ताकद कमी मिळेल, अ‍ॅव्हरेज घसरेल, पण गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. इंजिन मिसिंग करत, म्हणजे ठोके चुकत असेल तर जास्त ताणू नका; न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो.

मेळाचा कोड, त्यातही पुढच्या बाजूने चेनचा आवाज येत असेल, तर इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकच जागा वेगवेगळ्या वेळी वापरतात. वेळ थोडी चुकली तर इंजिन कुरकुरतं. चेन आणखी दोन दात सरकली तर दोघे एकमेकांवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि नुकतंच झालेलं सगळं काम पुन्हा करावं लागतं.

## दोष सापडल्यावर

दोष सापडला, दूर केला, कोड पुसला, एवढ्यावर गाडी ताब्यात घेऊ नका. चेन, फेझर किंवा क्रँकच्या सेन्सरचं काम झालं असेल, तर अनेक गाड्यांत कॉम्प्युटरला कॅम आणि क्रँकचं नवं नातं स्कॅनरने शिकवावं लागतं. काही गाड्या स्वतःहून शिकतात. तुमची कुठली, ते मॅन्युअल सांगतं. हे राहून गेलं तर सगळं बरोबर असूनही कोड परत येतो आणि निर्दोष इंजिन पुन्हा खोललं जातं.

पुढच्या खेपेला चेनचं काम करून घ्याल, तेव्हा कव्हर मिटण्याआधी खुणा जुळलेल्याचा फोटो मागा. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवल्यानंतरचाही एक. चांगला मेकॅनिक तो आनंदाने देतो, बरेच जण स्वतःसाठीही काढून ठेवतात.

मग गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा: थोडी उभी, थोडी संथ, थोडी मोकळ्या रस्त्यावर वेगात. बरेच कोड पहिल्या फेरीत चूक दिसली तरी दिवा पेटवत नाहीत. कॉम्प्युटर नुसती कच्ची नोंद ठेवतो आणि दुसऱ्या फेरीत तीच चूक पुन्हा दिसली की दिवा लावतो. म्हणून दिवा विझलेला दिसला तरी स्कॅनर आणखी एकदा लावा, कच्च्या नोंदी रिकाम्या आहेत का बघा आणि गरम इंजिनात ते दोन कोन पुन्हा शेजारीशेजारी ठेवा. मागणी बदलली की खरा कोन लगेच तिच्यामागे जाताना दिसला, की गाडी न्यायला हरकत नाही.